मी सही केलेला पंचनामा

‘इट इज वेल नोन दॅट’ या पाच शब्दांवर माझा जेवढा राग आहे, तेवढा उभ्या आयुष्यात फार थोड्या माणसांवर असेल. आणि ज्या थोड्यांवर आहे त्यांत एक मी स्वतः आहे. का, ते सांगतो.

दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची तीन-चार वर्षं मी जळगावात होतो. मूळचा धुळ्याचा, नोकरीनं तिकडं नेलं. दिवसा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचं आणि सकाळी सात ते आठ एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचा. वर्गाला येणारे सगळे पोटामागे लागलेले लोक. कापसाच्या जिनातले कारकून, अडत्यांकडचे लिहिणारे, एक कंपाउंडर, मालधक्क्यावरचा एक बाबू. खाली ज्वारीची पोती, वर आम्ही, आणि फळ्यांच्या फटींतून वर येणारी धूळ. शिंका देत देत इंग्रजी शिकलेली दुसरी माणसं मी पाहिली नाहीत.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. येत होतं तेच वाईट होतं. प्रत्येकाकडे पत्रलेखनाचं एकेक जुनं फाटकं पुस्तक होतं आणि त्यातली वाक्यं ते लोणच्यासारखी प्रत्येक पानावर वाढत. गाडीतला माल भिजला एवढंच मुंबईच्या पेढीला कळवायचं असलं, तरी सुरुवात ‘इट इज वेल नोन दॅट’ अशी आणि शेवट गाडीवान हा बेफिकीर व लबाड इसम आहे, असा. मी विचारायचो, "हे कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच, सर."

"तुम्ही त्या गाडीवानाला पाहिलंय?"

"नाही सर. पण गाडीवान तसेच असतात."

माझ्या डोक्यात तिडीक जायची. व्याकरण बहुतेक वेळा स्वच्छ असायचं, त्यामुळे तांबड्या शाईनं खोडायला काही सापडायचं नाही. न पाहिलेल्या गोष्टीला पाहिलेल्या गोष्टीचा कोट-टोपी घालून साहेबापुढं उभं करायचं, ही त्यांची खोड होती. ती मोडायची म्हणून मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावली. डावा रकाना घडलेल्या गोष्टीचा. डोळ्यांनी पाहिलेलं, मोजलेलं, दुसऱ्यानं जाऊन पडताळलं तरी तसंच सापडेल ते. उजवा रकाना मताचा. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फॅक्ट’ आणि ‘ओपिनियन’. आपण काहीतरी मोठं काम करतोय असं मला तेव्हा वाटत होतं.

पहिल्या दिवशी उदाहरण म्हणून मी बाजारातून एक वांगं आणलं, तीच चूक झाली. वांगं हिरवं आहे, डावीकडे. वांग्याचं वजन, डावीकडे. वांगं भरिताला उत्तम आहे हे उजवीकडे जाईल म्हणालो, तर सगळा वर्ग सरसावून बसला. बामणोदच्या बाजूचा एक लिहिणारा होता. तो म्हणाला, "सर, आमच्याकडच्या वांग्याचं भरीत सगळ्यांत चांगलं, हे मत नाही. ते खरंच तसं आहे."

"दुसऱ्याला दुसरीकडचं आवडत असेल."

"त्यानं आमच्याकडचं खाल्लेलं नसणार."

यावर मालधक्क्याच्या बाबूनंसुद्धा मान डोलावली, आणि तो तर नाशिकचा होता. पाऊण तास त्यातच गेला. वांगं कोणीतरी घरी नेलं.

खरी अडचण दोन आठवड्यांनी आली, आणि ती आणली नानांनी. नाना म्हणजे एका मोठ्या जिनातले हजेरी कारकून. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठे, पिंप्राळ्याहून रोज पायी यायचे. वर्गात सगळे त्यांना नाना म्हणत म्हणून मीही म्हणायचो. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांवर त्यांच्या जिनात पुष्कळ बाया बसत. त्यांची हजेरी नाना धरत, आणि शाफ्ट-पट्ट्यांची रोजची नोंदही त्यांच्याच वहीत असे. वर्गात सगळ्यांत सावकाश शिकणारा माणूस. पण एकदा डोक्यात बसलं की बसलं, मग ते हलत नसे.

त्यांनी विचारलं, "सर, शेठजींनी सांगितलेलं कुठं लिहायचं?"

"शेठजींनी पाहिलं असेल तर डावीकडे. त्यांना नुसतं वाटत असेल तर उजवीकडे."

"शेठजींना नुसतं वाटतं, असं कसं लिहू सर? मोठ्या माणसाचा शब्द मत कसा होईल? आमच्या आबांनी सांगितलं, या शेतात पाणी लागेल. ते काय मत?"

"विहीर खणून बघेपर्यंत मतच."

मी त्यांच्या आबांबद्दल काहीतरी अभद्र बोललो अशी सगळ्यांची समजूत झाली. शेवटी तोड त्यांनीच काढली. आणखी एक रेघ मारून तिसरा रकाना पाडला आणि वर लिहिलं, ‘मोठ्यांचा शब्द’. त्यात खरं-खोटं बघायचं नाही, नुसता मान द्यायचा. मी हसलो आणि चालू दिलं. माणसं वर्गात टिकायची तर मास्तरानं एवढं सैल सोडावं लागतं, अशी मी माझी समजूत घातली. त्या हसण्याची मला आज चीड येते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, नानांच्या जिनात आग लागली. कोणी मेलं नाही. यंत्रांखालचा कापूस आणि छपराची एक बाजू जळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुटता सुटता एक शिपाई माडी चढून वर आला. म्हणाला, फौजदारसाहेबांनी पंच म्हणून बोलावलंय.

काही घडलं की पोलीस दोन प्रतिष्ठित माणसं बोलावून आणत. त्यांनी जागा आपल्या डोळ्यांनी पाहायची, जे दिसलं ते लिहिलं जायचं, आणि त्याखाली त्यांनी सही करायची. त्या कागदाचं नाव पंचनामा. म्हणजे माझा डावा रकानाच तो, फक्त सरकारी शिक्क्याचा. मनातून मला ते आवडलंही. नुसतं दिसलेलं कसं लिहितात ते आता दाखवतोच, अशा ताठ्यात मी शिपायाबरोबर निघालो.

जिनाच्या ऑफिसात शेठजी होते, फौजदार होते, आणि दुसरे पंच म्हणून एक किराणा व्यापारी होते. मला खुर्ची दिली, चहा दिला. मग आत नेलं. भिजलेल्या जळक्या कापसाचा वास नाकात बसत होता. एका भिंतीशी तीन विटा मांडलेल्या, त्यांत राख, वर तवा, तव्यात काळी पडलेली तंबाखू. बाया दातांना मिश्री लावतात ती तंबाखू भाजूनच करतात, हे कोणाला सांगायला नको. आणि तव्याजवळ एक बाई उभी केली होती. चाळिशी उलटलेली, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. फौजदारांनी फडकं सोडायला लावलं. तळहात आणि बोटं भाजली होती, कातडी सुटून आली होती.

"बघून घ्या, मास्तर," फौजदार म्हणाले.

मी बघून घेतलं. बाई माझ्याकडे पाहत होती, मी तिच्या हाताकडे.

परत ऑफिसात आलो तर पंचनामा लिहून तयार. आम्ही आत हिंडत होतो तेवढ्यात पोलिसांच्या लेखनिकानं तो पुरा केला होता. मी वाचला. तवा, तंबाखू, विटा, राख, भाजलेला हात, सगळं बरोबर. आणि मग एक वाक्य होतं. सदर बाई कामाचे वेळी मिश्री भाजीत असता ठिणगी उडून कापसाने पेट घेतला व त्यात तिचा हात भाजला, असे आम्हां पंचांस दिसून आले.

दिसून आले! काल दुपारी लागलेली आग मला आज सकाळी दिसून आली होती.

मी बोललो. अगदीच मुकाट्यानं सही केली असं नाही, आणि एवढंसं सांगायलासुद्धा मला आता लाज वाटते. "हे आम्ही पाहिलेलं नाही," म्हटलं. फौजदार हसले. "मास्तर, वाक्य ठरलेलं असतं. सगळ्या पंचनाम्यांत असंच असतं." किराणा व्यापाऱ्यांनी तोवर सही करून चष्मा डबीत ठेवला होता. शेठजी म्हणाले, "अहो, सगळ्या जिनाला ठाऊक आहे." म्हणजे वेल नोन. शाळेच्या घंटेला थोडाच वेळ उरला होता, ऊन चढत होतं, शेठजी आमच्या शाळेच्या कमिटीवर होते, आणि त्यांचा चहा माझ्या पोटात होता. मी सही केली. इंग्रजीत केली, झोकदार, नावापुढं बी. ए. लावून.

चार दिवसांनी नाना वर्ग सुटल्यावर मागं थांबले. झाल्या प्रकाराचा इंग्रजी अहवाल करायला शेठजींनी त्यांना सांगितलं होतं. तो मुंबईच्या भागीदारांना आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरला जायचा होता. कच्चं पान त्यांनी माझ्याकडून तपासून घ्यायला आणलं होतं. पानाला तीन रकाने.

डावीकडे त्यांनी लिहिलं होतं की यंत्रांखालच्या शाफ्टचं एक बेअरिंग तीन दिवस तापत होतं, तेल घालूनही तापत होतं. नानांनी वहीत नोंद केली, मिस्त्रीनं शेठजींना सांगितलं, शेठजींनी हंगाम उरकू दे म्हणून सांगितलं. आग खालून, बेअरिंगच्या बाजूनं वर आली. तव्यापासून ती जागा चाळीस पावलं. नानांनी पावलं स्वतः मोजली होती.

उजवा रकाना कोरा होता. तिसऱ्या रकान्यात, मोठ्यांच्या शब्दाखाली, लिहिलं होतं की बाईनं मिश्री भाजताना आग लावली. सांगणारे शेठजी, फौजदारसाहेब आणि आमचे सर.

"नाना, हे मताच्या रकान्यात जायला हवं."

"तुमची सही आहे, सर."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी चिडून मोकळा झालो असतो. तो माणूस खरोखर अडला होता. बेअरिंग त्यानं स्वतः हात लावून पाहिलं होतं, आणि गुरूची सही खोटी म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. म्हणून त्यानं ती पाटावर बसवून बाजूला ठेवून दिली होती.

"मी पाहिलेलं नाही, नाना. उजवीकडे घ्या."

"मग सर," ते हळूच म्हणाले, "हे कोर्टात सांगाल? बाईवर खटला भरलाय. साक्षीला तुम्हाला बोलावतीलच. वीस वर्षं माझ्या हजेरीत आहे ती, कधी खाडा नाही. तुरुंगात जाईल हो."

सांगेन म्हणालो. नानांचा अहवाल शेठजींनी फाडला आणि दुसऱ्याकडून लिहून घेतला, हे मला पुढं कळलं. त्यात आश्चर्य काय? बेअरिंगचं कारण पुढं आलं असतं तर इन्स्पेक्टरनं ऐन हंगामात जीन बंद केलं असतं. बाईचं कारण पुढं आलं तर फक्त एक बाई बदलायची. शेठजींचा हिशेब मला समजतो. माझी सही त्यांना किती स्वस्तात मिळाली, ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

महिन्याभरात खटला उभा राहिला. सरकारी वकिलानं मला विचारलं, सही तुमची? माझी. तवा पाहिलात? पाहिला. तंबाखू होती? होती. राख? होती. बाईचा उजवा हात भाजलेला होता? होता. मग मी घोकून आणलेलं वाक्य बोललो. "आग लागताना मी पाहिली नाही. ती कशी लागली मला माहीत नाही. पंचनाम्यातलं तेवढं वाक्य मी पाहिलेलं नाही."

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "मग सही कशी केलीत?"

"चूक झाली."

कोर्टात हशा पिकला. मी खाली उतरलो तो मान खाली घालून, पण आतून फुशारलेला. खरं बोललो होतो. पाहिलं तेवढंच सांगितलं होतं, तसूभर जास्त नाही. वकिलाला मात्र माझ्या वाक्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्याला ते वाक्य नकोच होतं. तवा, तंबाखू, राख आणि भाजलेला हात, एवढं मी माझ्या तोंडानं कबूल करून दिलं होतं, आणि ते सगळं खरं होतं. उरलेलं ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप होत होतं. बेअरिंगबद्दल मला कोणी विचारलं नाही. मी ते पाहायलाही गेलो नव्हतो. मला दाखवलं ते मी पाहिलं, आणि दाखवणाराच सगळं ठरवून बसलेला होता, हे कळायला मला कोर्टाचा तो बाक लागला.

बाईला वकील नव्हता. तिच्या बाजूनं एकच साक्षीदार आला, नाना. यापायी नोकरी जाणार हे त्यांना ठाऊक होतं, कोर्टातल्या पट्टेवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. त्यांनी बेअरिंगचं सांगितलं. सरकारी वकील उठला.

"नोंद आहे म्हणता. वही कुठं आहे?"

"जिनात होती. आता सापडत नाही, साहेब."

"बेअरिंग तापलं होतं. किती?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे? मोजलं होतं?"

"नाही, साहेब."

"दुसऱ्या कोणी मोजलं?"

"नाही."

"म्हणजे तापलं होतं, हे तुमचं मत."

नानांनी बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. वर्गात अडलं की ते फळ्याकडे पाहत, तसं. पंधराच दिवसांपूर्वी मी ‘द टी इज हॉट’ हे वाक्य सगळ्यांना डाव्या रकान्यातून खोडायला लावलं होतं. गरम, गार, मोठं, लहान ही मापं नव्हेत, ज्याला जशी सवय तसं त्याला वाटतं, असं रंगवून रंगवून समजावलं होतं. नाना ते विसरणारे नव्हते.

"होय साहेब," ते म्हणाले. "मत."

मी तिथल्या तिथं उठून ओरडायला हवं होतं. हात ठेवला आणि ठेववेना, ही घडलेली गोष्ट आहे, हे त्या वकिलाला आणि नानांना आणि सगळ्या कोर्टाला ऐकवायला हवं होतं. प्रेक्षकानं बोलायचं नसतं, हे कारण तेव्हा मला पुरलं. मी बसून राहिलो.

मग मॅजिस्ट्रेटनी बाईला विचारलं, काही सांगायचंय का. ती बोलू लागली. "मी नही करं, साहेब. बठ्ठा सांगतस, पन मी नही करं. धूर खालथून उना..." मॅजिस्ट्रेट बाहेरचे, त्यांना तिची बोली लागेना. "गुन्हा कबूल आहे की नाही, तेवढं सांग," म्हणाले. कारकुनानं लिहून घेतलं, आरोपी गुन्हा नाकबूल करते. सगळं एका ओळीत आटपलं. मी धुळ्याचा. धूर खालून आला, हे धरून तिचा शब्दन् शब्द मला कळत होता. चार लोक तिला हसले तेव्हाही मला कळत होतं.

एका महिन्याची कैद झाली.

कोर्टाबाहेर निंबाखाली नाना उभे होते. मी तणतणत गेलो. "हात लावला होतात ना? टेकवेना, हे का नाही सांगितलं?"

"ते हाताला वाटलेलं, सर." आणि मग ज्या चेहऱ्यानं ते वही तपासायला पुढं करत त्याच चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "उत्तर बरोबर होतं ना?"

मी काय बोललो ते आठवत नाही. नाही म्हणालो नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी नानांना जिनातून काढलं. ते रावेरच्या बाजूला भावाच्या केळीत राबायला गेले, असं कानावर आलं. मला शाळेच्या कमिटीनं समज दिली. सही केल्याबद्दल नव्हे, सही चुकली असं चारचौघांत म्हटल्याबद्दल. शिक्षकांच्या खोलीत एक जण म्हणाला, "तुम्ही नसत्या भानगडीत पडलात." दुसरा म्हणाला, "बाईची चूक असेलच, उगीच का कोणी धरतं?" हे सगळे पदवीधर. त्यांतले दोघे तर्कशास्त्र घेऊन पास झालेले. त्या दिवशी मी टेबलावर डस्टर आपटलं, त्याचा खडू सगळ्यांच्या डब्यांवर उडाला, आणि माझी मर्दुमकी तिथंच संपली. माडीवरचा वर्ग मी पुढं वर्षभर रेटला. रकाने पाडायला कोणाला सांगितलं नाही. पत्रलेखनाची पुस्तकं पुन्हा बाहेर आली, गाडीवान पुन्हा लबाड झाले, आणि मी तांबड्या शाईनं फक्त क्रियापदं सुधारत राहिलो.

लढाई निम्म्यावर आली असेल तेव्हा मी दोंडाईच्याला एका शाळेची तोंडी परीक्षा घ्यायला गेलो होतो. परतीची गाडी दुपारची होती. स्टेशनच्या बाहेर, जिनाच्या वाटेवर बाया टोपल्या उतरवून बसल्या होत्या. त्यांतली एक उठून माझ्यापुढं आली.

"तुम्ही जयगावना मास्तर ना?"

मी ओळखलं. जळगावात कोणत्याही जिनानं दारात उभं केलं नाही, म्हणून ती इकडं आली होती. यंत्रावर तिला बसता येत नव्हतं, सरकी झाडायचं काम होतं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. मी भडाभडा बोलायला लागलो. अक्का, माझ्या सहीमुळं, मी तेव्हा, माझ्याकडून. ती थांबवत म्हणाली, "सहीनं ऱ्हाऊ द्या. बठ्ठा सह्या करतस."

मग तिनं तो हात माझ्यासमोर धरला. "फौजदारनी फडकं सोडाले लायं, तव्हय तुम्ही हाऊ हात देखा ना?"

"पाहिला."

"मंग कसा जयना, इचारं का नही?"

कसा जळला, हे मी विचारलं नव्हतं. पंचनाम्याच्या वेळी ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आमची दोघांची भाषा एक होती, आणि मला एवढंच करायचं होतं. आता विचारलं. तिनं सांगितलं. धूर फळ्यांखालून आला. बाया पळाल्या. पाण्याची बादली जागेवर नव्हती. पेटलेला कापूस पुढच्या गंजीला लागू नये म्हणून तिनं तो हातांनी ओढून बाहेर काढला. कोणाचा कापूस? शेठजींचा. ती जिथं उभी होती तिथून तवा दिसतसुद्धा नव्हता. हे तिनं उन्हात उभ्या उभ्या, पदरानं वारा घेत सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कोणाचं सांगतेय. माझा मात्र कानशिलांपर्यंत जाळ झाला. त्या फौजदाराचा, त्या वकिलाचा, त्या मॅजिस्ट्रेटचा राग आला, आणि एकाही रागाला जायला जागा सापडेना, कारण विचारायला मी तिथं सगळ्यांच्या आधी हजर होतो.

"मी अर्ज करतो," म्हणालो. "वर लिहितो. अजून..."

ती हसली. मग म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. नाना कसा शेतस? तेस्नी नोकरी मन्हामुये गयी."

तिच्यापायी नोकरी गेलेले नाना कसे आहेत, हे मला माहीत नव्हतं. जळगावात होतो तेव्हा रावेर गाडीनं दोनेक तासांवर होतं. एवढ्या वर्षांत मी एकदा गेलो नव्हतो. एक कार्डसुद्धा टाकलं नव्हतं. मी खाली टोपल्यांकडे पाहू लागलो, तेव्हा तिला कळलं.

"इचारी देखा कधी," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं टोपलं उचलून जिनाकडे चालू लागली.